मुसलमानी निळा

चिनी फुलदाणी म्हटलं की डोळ्यांसमोर पांढऱ्यावरचा निळा रंगच येतो. तो रंग शंभर टक्के चिनी, असं मीही समजत होतो. मग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 'डेव्हिड फुलदाण्या' पाहिल्या.

जोडी आहे. प्रत्येक फुलदाणी दोन फुटांहून थोडी उंच. आकार जुन्या कांस्य भांड्यांवरून उचललेला, लांब मान आणि मानेला दोन्हीकडे हत्तीच्या तोंडाचे कान. त्या कानांत पूर्वी कड्या होत्या, आता नाहीत. पोटावर ढगांतून निघालेला ड्रॅगन, त्याच्या वर फिनिक्स, आणखी वर केळीची पानं. पानांपाशी चिनी मजकूर आहे. झांग वेनजिन नावाच्या माणसाने १३५१ साली ही जोडी एका धूपदाणीसह देवळाला वाहिली. घरादाराचं रक्षण व्हावं, मुलाबाळांना सुख लाभावं म्हणून. आपल्याकडे दर्ग्यावर चादर चढवताना यापेक्षा वेगळं काय मागतात?

आता तो निळा. जिंगदेझेनच्या कारागिरांकडे उत्तम पांढरी माती होती, पण या काळातलं कोबाल्ट इराणकडून यायचं, मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातून. पुढे मिंग काळात बाहेरून येणाऱ्या या रंगाला 'हुईहुई छिंग' हे नावच पडलं. म्हणजे मुसलमानी निळा! कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर तो कुंचल्याने लावतात. माती रंग लगेच शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ खोडता येत नाही. लावताना रंग काळपट दिसतो. वर काचेचा लेप देऊन सुमारे १३०० अंशांत भाजलं की मग तो निळा होतो. या आयात कोबाल्टमध्ये लोह जास्त, म्हणून जिथे रंग जाड बसे तिथे काळे डाग पडत. दोषच तो. पण अठराव्या शतकात जुन्या भांड्यांच्या नकला करणारे कारागीर हेच डाग मुद्दाम ठिपके देऊन काढत.

आकारही तिकडून आले. पंधराव्या शतकातल्या चपट्या, गोल सुरया पश्चिम आशियातल्या भांड्यांवर बेतलेल्या, आणि काहींवर ताऱ्यांची भौमितिक नक्षी आहे. सम्राट झेंगदेच्या काळात (१५०६ ते १५२१) तर चिनी भांड्यांवर अरबी अक्षरं रंगवली गेली.

चिनी रसिकांना हे सगळं लगेच रुचलं नव्हतं. १३८८ साली काओ झाओने पारखीवर ग्रंथ लिहिला, त्यात निळी-पांढरी भांडी गावंढळ ठरवली. आज तीच चीनची ओळख. मला उगाच आठवलं, एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले होते, "तुमचं मराठी छान आहे हो, शिकलात कुठे?" घरी, म्हटलं. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.

काओ झाओच्या त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला सर पर्सिव्हल डेव्हिड यांनी. या दोन फुलदाण्या वेगवेगळ्या ठिकाणांहून विकत घेऊन पुन्हा एकत्र आणणारे तेच. जन्म १८९२, मुंबई. घराणं बगदादी ज्यूंचं.

रात्री अम्मीला फोटो पाठवले. सोबत कोबाल्टची सगळी हकीकतही सांगितली. तिने फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण उत्तर जरा उशिराने आलं. "एवढी मोठी बरणी, आणि झाकण कुठंय?"