साबणवाल्याची खात्री

१९६२ आणि १९६५ ची युद्धे आपण आकाशवाणीवर जाहिरातींविना ऐकली. विविध भारतीच्या मुंबई केंद्रावर व्यापाऱ्यांचा आवाज आला तो नोव्हेंबर १९६७ मध्ये. साहजिकच डिसेंबर १९७१ चे युद्ध आमच्या घरी आले ते प्रायोजित गाण्यांच्या सोबतीने.

खिडक्यांना काळे कागद लावून, रोझरी आटोपून, वसईतील आमचे कुटुंब रेडिओभोवती बसे. धाकटे काका पूर्व आघाडीवर होते. बातम्या संपून केंद्र बदलले, की कुणा कापडवाल्याची, कुणा साबणवाल्याची घोषणा सुरात येई. आईला ती असह्य होई. "तिथे माणसे मरताहेत आणि ह्यांना साबण विकायचाय!" मलाही ते पटे. (ती गाणी मात्र मला तोंडपाठ होती.)

आजी रेडिओ बंद करू देत नसे. "अगं, तो अजून पैसे मोजतोय ना? म्हणजे उद्या दुकान उघडेल अशी त्याला खात्री आहे." व्यापाऱ्याच्या लोभातून असा धीर घ्यावा, हे मला आजही पुरते पटलेले नाही.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. नाताळ काकांच्या पत्राविना गेला. पत्र आले ते जानेवारीत. आजीने ते दोनदा वाचून घेतले आणि मला त्याच साबणाची वडी आणायला पिटाळले.