सिंगापूरची यादी

परदेशी निघण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: उतरायचे कुठे आणि आणायचे काय. पहिली मी ठरवली, दुसरी हिने.

हिचे गुडघे जिना पाहूनच कुरकुरतात. म्हणून समुद्रकाठच्या झगमगाटाचा मोह सोडून सेरंगून रोडजवळ खोली घेतली. खोली एवढीशी, की एकाने बॅग उघडली तर दुसऱ्याने पलंगावर बसावे! पण लिटल इंडिया स्टेशन पाच मिनिटांवर, समोर टेक्का बाजार आणि जेवायला १९४७ पासूनचे ‘कोमला विलास’. मुस्तफा सेंटरमध्ये दमलो की ओझे खोलीवर टाकावे, घटकाभर पाय पसरावेत, पुन्हा निघावे. जवळच्या बिऱ्हाडाचे हेच खरे सुख.

शेवटच्या रात्री मी पावत्या लावीत बसलो. एका दुकानात शंभर डॉलरांची खरेदी झाली, की त्यावरचा कर (२०२४ पासून तो नऊ टक्के आहे) थोडा खर्च वजा जाता पाहुण्याला परत मिळतो. यादीत जाऊबाई, नणंद, भाचे, शेजारच्या काकूसुद्धा! हिचे नाव मात्र कुठेच नव्हते.

“तुझं काय?”

“मला काय हवंय? चार दिवस पायांनी साथ दिली, पुष्कळ झालं की!”

सकाळी ही आंघोळीला गेली, तेवढ्यात मी खाली उतरून मऊ तळाच्या चपला आणल्या. पावती शंभराच्या आतली. कर परत मिळाला नाही. सरकारला दिलेल्या पैशांचे प्रथमच वाईट वाटले नाही.