फणसाखालची जमीन

कोकणातल्या जुन्या घराच्या मागीलदारी फणस, आंबा, रातांबा एकमेकांत शिरून वाढलेले असतात. भरदुपारी तिथं ऊन येतं ते कवडशांपुरतं. अंगणात पाय भाजत असताना इथली माती तळपायाला गार लागते, आणि कुजत आलेल्या पानांचा थोडा आंबूस, थोडा गोड वास तिथून हलत नाही. या जागेबद्दल घरात बहुधा तक्रारच ऐकू येते. झेंडू फुलत नाही, मिरची धरत नाही. मग कुणी फांद्या छाटायला सांगतं, कुणी फरशी घालायचं सुचवतं, आणि हल्ली नर्सरीतून वेडेलिया नाहीतर सिंगोनियम आणून लावतात.

दोन्ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतली. वेडेलियानं जमीन भराभर हिरवी होते, पिवळी फुलं बारमाही येतात. पण तिचा दांडा जिथं टेकतो तिथं मूळ धरतो आणि तिच्या दाटीतून दुसरं काही सहसा वर येत नाही. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. मला तिच्या त्या न थांबणाऱ्या हिरवेपणाची भीती वाटते.

आपल्या रानात झाडांखालची जमीन बारमाही हिरवी नसतेच. एप्रिलमध्ये सिंधुदुर्गातल्या एखाद्या देवराईत शिरलं की पायाखाली सगळा पातेरा. पाऊल टाकलं की करकरतो. वरची पानं बाजूला सारली तर खालची अर्धी कुजलेली, त्यांत बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली गड्डे निजलेले. पाऊस लागला की हेच गड्डे जागे होतात. शेवळं येतात, रानहळदीचे गुलाबी-पिवळे तुरे येतात, आणि अगदी खाली, गवत समजून कुणीही ओलांडून जाईल अशी काळी मुसळी येते.

सावलीतल्या बागेसाठी मला विचाराल तर मी हिचंच नाव घेईन. पानं लांबट, उभ्या घड्यांची, नारळाच्या कोवळ्या रोपासारखी. पावसाच्या सुरुवातीला बुंध्याशी, मातीला टेकूनच, सहा पाकळ्यांचं पिवळं फूल उमलतं. ते बघायला खाली बसावं लागतं. गंमत अशी की फुलाचा फळ धरणारा भाग जमिनीखालीच असतो. एक बारीक लांब दांडी पाकळ्यांना तेवढी वर उचलून धरते. फळही तिथंच, पानांच्या बुडख्यात, मातीत पिकतं. आणि पसरायची तिची आणखी एक रीत आहे. पान वाकून त्याचं टोक ओल्या मातीला लागलं की त्या टोकावरच नवं रोप फुटतं. पाना-पानानं ती पुढे सरकते, शेजारणीला न दाबता.

तिच्या गड्ड्याला आयुर्वेदात मान आहे, आणि तोच तिच्या जिवावर उठला आहे. गड्डा उभा वाढतो. तो खणून काढला की झाड संपलं. म्हणून बागेसाठी रानातून उपटून आणणं मला अजिबात पसंत नाही.

झाडाची सावली असली की माती सुरक्षित, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्याचे बारीक थेंब पानांवर एकमेकांत मिसळतात, टोकाशी येऊन टपोरे होतात, आणि उंच फांदीवरून सुटलेला तसा थेंब उघड्यावरच्या पावसापेक्षाही जोरानं माती उडवतो. फणसाखालची झाडून लख्ख केलेली जमीन टणक का होते, मुळं उघडी का पडतात, त्याचं एक कारण हे. तो मार झेलायला खाली कुणीतरी लागतं. पातेरा झेलतो, आणि त्यातून वर आलेली मुसळीची, रानहळदीची पानं झेलतात.

पातेरा भाजावळीला लागतो, कलमांच्या आळ्यांत घालायला लागतो, हे खरं. तो नेण्यात काही वाईट नाही. पण रोज सकाळी खराटा घेऊन शेवटचं पानसुद्धा गोळा करायचं आणि कोपऱ्यात पेटवायचं, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. झाडानं स्वतःच्या पायांवर घातलेलं पांघरूण आहे ते.

जड जातो तो पावसाळ्यानंतरचा काळ. थंडीत मुसळीची पानं पिवळी पडतात, उन्हाळ्यात तर नावालाही काही दिसत नाही. पाहुणे विचारतात, इथं काही लावलं होतं ना? लावलंय, आणि ते तिथंच आहे. तिथं पाणी ओतत बसू नये, खणून बघू नये. रिकामी दिसते म्हणून त्या जागी कुंडी आणून ठेवू नये. या दिवसांत जमीन झाकण्याचं काम पातेऱ्याचं.

लावायची असेल तर श्रावणात कुणाच्या परसातून एक निरोगी, जून पान मागून आणावं. त्याचं टोक ओल्या, पानकुजीच्या मातीत थोडंसं दाबावं, वर लहानसा खडा ठेवावा, आणि तेवढी जागा कोंबड्यांपासून सांभाळावी. रोप धरलं की पुढच्या पावसाळ्यात मागायला येणाऱ्यालाही तसंच पान द्यावं, गड्डा देऊ नये.