माझ्या मुंजाचे शुद्धलेखन

मराठीचा प्राध्यापक जादूचे खेळ करतो हे कळले की लोक दोन प्रकारे वागतात. सहकारी म्हणतात, "मग निकाल जरा बरे लावा की!" आणि आपल्याच विनोदावर पोटभर हसतात. शेजारची मुले निमूटपणे आपला कान माझ्यापुढे करतात. त्यातून रुपया निघेल अशी त्यांची खात्री असते. पण मी कानातून रुपया काढीत नाही, की टोपीतून ससा काढीत नाही. ससा पाळायचा तर घरच्या मंडळींची संमती लागते, आणि ती मला इतक्या वर्षांत मिळालेली नाही. माझा खेळ भुतांचा आहे. भुताला पिंजरा लागत नाही, पालापाचोळा लागत नाही, आणि सुट्टीत गावाला जाताना ते शेजाऱ्यांकडे ठेवावे लागत नाही.

कोजागरीला गच्चीवर, गणेशोत्सवात मांडवात, नाही तर महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी हा खेळ करतो. वर्षानुवर्षे केल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. साधी जादू आणि भुताची जादू ह्यांत हातचलाखीचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो प्रेक्षकात. साधी जादू पाहताना प्रेक्षक परीक्षकासारखा बसतो. त्याची नजर तुमच्या बाहीवर असते. तुम्ही त्याला फसवले तर तो टाळ्या वाजवतो, आणि युक्ती त्याला सापडली तर शेजाऱ्याला कोपराने ढोसतो. दोन्ही वेळा तो खुशीतच घरी जातो. भुताच्या खेळात मात्र त्याला पदरचे काही द्यावे लागते. आजोळच्या माजघरातला अंधार, रात्री विहिरीवरून परतताना आपल्या पाठोपाठ वाजणारी कोणाची तरी पावले, असे पुष्कळसे सामान त्याने मोठेपणी एका खोलीत घालून कुलूप लावलेले असते. जादूगाराला ते कुलूप फोडता येत नाही. प्रेक्षकाने आपण होऊन किल्ली हातात दिली तरच ते उघडते.

आणि ही किल्ली कोणी सहजासहजी देत नाही. फसल्याचे दुःख माणूस विसरतो. चारचौघांत, त्यातही बायकामुलांदेखत, आपण दचकलो हे तो विसरत नाही. ज्याने दचकवले त्याला तर मुळीच क्षमा करीत नाही. तो लगेच खिशातून मोबाईल काढतो आणि त्याचा दिवा लावतो. रामनामाने आजवर जितकी भुते पळाली नसतील तितकी ह्या एका दिव्याने पळवली आहेत! दिवा लागला की समजावे, हा गृहस्थ आता आपल्या बाजूचा राहिलेला नाही.

प्रेक्षकाला परतीची वाट न दाखवता भिववले तर काय होते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ९ एप्रिल १९५६ रोजी आपले जादूगार पी. सी. सरकार लंडनमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात खेळ करीत होते. टेबलावर निजवलेल्या मुलीच्या कमरेवरून त्यांनी विजेवर चालणारी गोल करवत फिरवली. मग तिला उठवण्यासाठी तिचे हात चोळले. ती उठेना. सरकारांनी मान हलवली आणि तिच्या चेहऱ्यावर काळे कापड ओढले. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे आले आणि त्यांनी कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. वेळ खरोखरच संपली होती. पाहणाऱ्यांना वाटले, मुलगी गेली. बीबीसीचे टेलिफोन घणघणू लागले. मुलगी अर्थातच सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ही बातमी गाजली आणि सरकारांच्या लंडनमधल्या खेळांवर लोकांच्या उड्या पडल्या. कित्येक जण म्हणतात, हे सारे सरकारांनी मुद्दामच योजले होते. असेलही. पण मला नवल वाटते ते त्या टेलिफोन करणाऱ्यांचे. युक्ती काय होती, हे त्यांना विचारायचे नव्हते. मुलगी कशी आहे, एवढेच त्यांना हवे होते. मुलगी उठून हसली नाही, त्या क्षणी लोकांच्या दृष्टीने जादू संपली. उरली ती एक मुलगी आणि एक करवत. त्या खेळात करवतीइतकेच शेवटचे हसू महत्त्वाचे असते, हे मी त्यावरून शिकलो.

म्हणून माझ्या खेळासाठी भूत निवडताना मी फार विचार केला. आपल्याकडे निवडीला वाव पुष्कळ. वेताळ हा राजा माणूस. त्याला सोसायटीच्या गच्चीवर बोलावणे बरे दिसत नाही. खविसाचा स्वभाव तापट. समंधाचा जीव कुठल्या तरी ठेव्यात अडकलेला, म्हणजे त्याच्याशी बोलणे निघाले की वाटणीवर यायचे, आणि तो विषय बहुतेक प्रेक्षकांच्या घरी आधीच चालू असतो. राहता राहिला मुंजा. पिंपळावर राहणारा, शाळकरी वयाचा, खोडकर. माझ्या पेशाला तो चांगला शोभला.

खेळ असा. दोन कोऱ्या पाट्या प्रेक्षकांकडूनच पुसून घ्यायच्या. मध्ये पेन्सिलीचा तुकडा ठेवून त्या एकीवर एक ठेवायच्या आणि सुतळीने बांधायच्या. कोणीतरी पुस्तकातून एक शब्द मनात धरतो. दिवे मंद होतात. पाट्यांच्या आत पेन्सिल करकरू लागते. पाट्या सोडून पाहावे तो आत तोच शब्द उमटलेला असतो. समजा, शब्द 'नदी' आहे. पण मुंजा लिहितो 'नदि'.

इथे माझ्यातला जादूगार मागे पडतो आणि मास्तर पुढे येतो. "अरे, दुसरी वेलांटी दे!" असे म्हणून मी खडूने चूक दुरुस्त करतो आणि पाट्या पुन्हा बांधतो. पुन्हा करकर. उघडावे तो माझी दुरुस्ती पुसलेली आणि 'नदि' पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत! मी चिडतो. शुद्धलेखनाचे नियम सांगू लागतो. एव्हाना सारा मांडव मुंजाच्या बाजूला गेलेला असतो, कारण मराठी माणसाला ऱ्हस्वदीर्घाने लहानपणी जितके छळले आहे तितके कुठल्याही भुताने छळलेले नाही. तिसऱ्या वेळी मी पाट्या एका मुलाच्या मांडीवर ठेवतो, वर त्याचेच दोन्ही हात ठेवायला सांगतो आणि दूर जाऊन उभा राहतो. लोक हसत असतात. आणि त्या हसण्यातच, त्या मुलाच्या हाताखाली, करकर सुरू होते.

हसणे अर्ध्यावर थांबते. जो काटा अंगावर यायचा तो त्या दोन क्षणांत येतो. मग पाट्या उघडतात. आत 'नदि' असतेच, आणि खाली लिहिलेले असते, 'सर नापास'.

हे कसे घडते ते मी इथे सांगणार नाही. जादूगारांचा तसा संकेत आहे. पण माणसांच्या बाजूने त्यात काय घडते ते सांगतो. भुतापुढे हरतो तो मी, प्रेक्षक नव्हे. एकत्र हसलेली माणसे एकत्र भ्यायला तयार होतात. भिण्याची लाज वाटण्याजोगे परके तिथे कोणी उरत नाही. ज्याच्या मांडीवर पाट्या ठेवायच्या तो मुलगा मी आधी नजरेने पारखून ठेवतो. फार भित्रा नको, फार आगाऊ नको. आणि परत जाताना त्याला माझ्याहून जास्त टाळ्या मिळाल्या पाहिजेत. शिवाय आरंभीच मी सांगतो, "मंडळी, भूतबीत काही नाही, ही हातचलाखी आहे." लोक माना डोलावतात. आता इतके सारे जमले की प्रेक्षक पूर्णपणे आपल्या बाजूचा होतो. खरी पंचाईत तिथून पुढे आहे.

ही पंचाईत जुनी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९८ मध्ये, एतिएन-गास्पार रॉबेर हा गृहस्थ 'रॉबर्टसन' ह्या नावाने पॅरिसमध्ये 'फँटास्मागोरिया' नावाचा भुतांचा खेळ करू लागला. पुढे त्याने तो एका ओसाड पडलेल्या मठात नेला. त्याची युक्ती सुंदर होती. मॅजिक लँटर्न चाकांवर बसवून तो मेणकापडाच्या पडद्यामागे ठेवी. लँटर्न मागे ओढला की पडद्यावरचे भूत मोठे होई आणि अंगावर चालून आल्यासारखे वाटे. हा माणूस भौतिकशास्त्र जाणणारा. खेळाआधी लोकांना तो विजेचे आणि प्रकाशाचे प्रयोगही दाखवी. तरीसुद्धा त्या वेळच्या एका वृत्तपत्रातल्या हकिकतीत प्रेक्षक काय करतात? आपापली मेलेली माणसे मागतात. गिलोटिनने नुकतीच किती घरे रिकामी केली होती! कोणी आपल्या प्रेयसीला मागतो, कोणी चक्क सोळाव्या लुईला मागतो. त्या शेवटच्या मागणीपायी सरकारने काही काळ खेळच बंद पाडला.

हे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मला कळला तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी आमची मुले बांध घालायला गेली होती. रात्री देवळापुढे करमणुकीचा कार्यक्रम झाला, त्यात माझा मुंजाही झाला. सारे गाव हसले. सकाळी बांधावर एक म्हातारी आली. पदराखालून तिने एक पाटी काढली. जुनी, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली.

"मास्तर," ती म्हणाली, "आमच्यात मुंज न्हाई करत. पर माझा पोरगा बी तेवढाच व्हता, गेला तवा. ही त्याची पाटी. हिच्यावर त्याच्याकडनं दोन अक्षरं लिवून घ्या. कसा हाईस म्हणून इचारा, बास."

"आजी, मी काल सांगितलं होतं ना, भूत नाही म्हणून?"

"त्ये तर समदेच सांगत्यात."

मी तिला देवळाच्या ओसरीवर नेले आणि माझ्या पाट्या काढल्या. जे तुम्हांला सांगितले नाही ते सगळे तिला दाखवले. एकदा भरभर, एकदा सावकाश. तिने पाटीवरून बोट फिरवले, पाटी उलटी करून पाहिली.

"म्हंजी ती अक्षरं तुमचीच?"

"माझीच, आजी."

"आन् चुका?"

"त्याही माझ्याच. मुद्दाम केलेल्या."

ती थोडी हसली. "माझा बी अशाच करायचा. येलांटी न्हाई जमायची त्याला." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. उठताना म्हणाली, "बरं झालं सांगितलंसा. न्हाईतर रोज रातच्याला ही उशाला घिऊन निजली असते." पाटीवर काही लिहिलेले नव्हते, तरी तिने ती पदराने पुसली आणि ती गेली.

ह्याच उंबऱ्यावर हूडिनीही उभा राहिला होता. तरुणपणी, पैशाची ओढाताण असताना, तो काही काळ अमेरिकेत 'मृतात्म्यांशी बोलणारा' म्हणून खेळ करीत हिंडला. पुढे १९१३ मध्ये त्याची आई वारली. मग तो स्वतःच अशा लोकांचे उंबरे झिजवू लागला. १९२२ मध्ये कॉनन डॉयलच्या पत्नीने त्याच्या आईचे म्हणून पानेच्या पाने संदेश लिहून दिला. तो होता इंग्रजीत, आणि आईला इंग्रजी येत नव्हते! १९२४ च्या आपल्या पुस्तकात हूडिनीने आपल्या तरुणपणच्या त्या खेळांबद्दल खेद नोंदवला आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस तो. त्याच्या खेदाला वजन आहे.

आमच्या महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते १९८९ पासून गावोगाव 'चमत्कार' करीत आले आहेत. पाण्याने दिवा पेटवतात आणि लगेच सांगतात की बाबांनो, पाण्याखाली कॅल्शियम कार्बाइड आहे. भोंदू बाबाचा दिवाही ह्याच कार्बाइडवर पेटतो. रसायन तेच, हातचलाखी तीच; फरक एवढाच की एक जण किल्ली परत देतो आणि दुसरा ती खिशात घालतो. ती खिशात घालणाऱ्यांच्या आड येणे धोक्याचे असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यांनी ज्याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. चमत्काराच्या नावाने लोकांना लुबाडणे आता इथे गुन्हा आहे.

प्रेक्षकाला आपल्या बाजूला कसे ठेवावे, ह्याच्या युक्त्या जादूच्या पुस्तकांतून हव्या तितक्या मिळतात. आपण त्याच्या बाजूला कसे राहावे, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते. माझ्यापुरते मी ठरवले आहे. कोणाच्या घरचे मेलेले माणूस मी खेळात आणीत नाही. खेळ संपला की सगळे दिवे लावतो आणि कोणीही पुढे येऊन पाट्या हाताळाव्यात म्हणून त्या मांडून ठेवतो. आणि कोणी पदराखाली पाटी घेऊन आलेच, तर जादूगारांचा संकेत त्या माणसापुरता मोडतो.

मुंजा अजून तसाच आहे. परवा गच्चीवर एका मुलीने विचारले, "सर, तुमचा मुंजा शुद्ध कधी लिहिणार?"

"कधीच नाही," मी म्हटले. "तो पास झाला तर पुढच्या कोजागरीला येईल कोण?"