माडी टॉकीजची हिरवी पाटी

दोस्तांनो, थिएटरातले दिवे मालवले आणि पडद्यावर अजून काही उमटलं नाही, अशा त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही कुठे बघता? पडद्याकडेच ना? मी मात्र दाराकडे बघतो. दारावरची ‘बाहेर’ अशी पाटी पेटलेली आहे हे एकदा पाहून घेतो आणि मगच खुर्चीत टेकतो. माझी भाची मला यावरून हसते. हसू दे. त्यामागे एक गोष्ट आहे. ती सांगणारच आहे, पण आधी पाट्यांची गंमत ऐका.

माझ्या धाकट्या बहिणीचं घर नाशिकला. घर जुनं, वर लाकडी माडी, आणि माडीला जिना असा उभा की उतरताना आपोआप देवाचं नाव ओठांवर येतं. मागच्या मे महिन्यात मी तिथे गेलो, तर भाच्याने आणि भाचीने माडीचं थिएटर करायला घेतलं होतं. एक लहानसा प्रोजेक्टर, चुना देऊन पांढरी केलेली भिंत, खाली गाद्या, खिडक्यांना जुन्या चादरी. सगळं झालं होतं. पण भाचा नववीतला, त्यामुळे त्याचं समाधान कशानेच होत नाही.

“मामा, थिएटरासारखं वाटत नाहीये,” तो म्हणाला. “पाट्या हव्यात. आतून उजेड येणाऱ्या. बाहेर ‘माडी टॉकीज’, दारावर ‘खेळ सुरू आहे’, आणि आत ‘बाहेर’.”

“आत बाहेर कशाला?” सहावीतली भाची.

“शोभेला गं!”

आता मला सांगा, ज्याने घरी आकाशकंदील केलाय त्याला आतून उजेड येणारी पाटी म्हणजे काय हे वेगळं शिकवायला हवं का? कामट्यांचा सांगाडा, वर घोटीव कागद, आत दिवा. उजेड दिसतो, दिवा दिसत नाही. पाटीचंही तेवढंच. एक डबा, आत दिवे, तोंडावर उजेड पसरवणारा कागद आणि त्यावर अक्षरं कापलेला काळा पुठ्ठा. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

दिवे म्हणून एलईडीची चिकटपट्टी आणली, बारा व्होल्टची. तिच्यावर बारीक दिवे ओळीने बसवलेले असतात, आणि मध्ये मध्ये कात्रीची खूण असते. खुणेवरच कापायची बरं का, भलतीकडे कापली तर तो तुकडा पेटत नाही. अधिक आणि उणे या टोकांची अदलाबदल झाली तरी पेटत नाही. भाच्याने या दोन्ही गोष्टी स्वतः करून पाहिल्या.

डबा म्हणून मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, जेमतेम दोन सेंटिमीटर खोल. दिवे लावले, तोंडावर ट्रेसिंग पेपर लावला, पेटवलं, आणि भाची खो खो हसत सुटली. पाटीला गोवर आला होता! सगळीकडे उजेडाचे ठिपके आणि मधल्या जागा काळ्या.

असं का होतं सांगतो. प्रत्येक दिव्यातून उजेड जपानी पंख्यासारखा उघडत जातो. कागद अगदी जवळ असेल, तर पंखा पुरता उघडण्याआधीच कागदाला भिडतो आणि आपल्याला ठिपका दिसतो. कागद लांब नेला की शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळतात आणि उजेड सारखा होतो. हिशेब साधा आहे. पट्टीच्या दोन ओळींमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढी डब्याची खोली हवी. दीडपट असेल तर फारच छान. आम्ही चार सेंटिमीटरवर ओळी लावल्या आणि बुटाचा खोका घेतला, दहा सेंटिमीटर खोल. आतून पांढरा कागद चिकटवला, म्हणजे उजेड भिंतींवर आपटून परत पुढे येतो. गोवर गेला!

मग अक्षरं. दोस्तांनो, इंग्रजी पाटी करणाऱ्याला जे भोगावं लागत नाही ते आपल्याला लागतं. भाच्याने काळ्या पुठ्ठ्यावर ‘माडी टॉकीज’ सुंदर काढलं आणि कटर फिरवला. पुठ्ठा उचलला, तर म च्या पोटातला चौकोन टपकन खाली! वेलांटीखालचा तुकडाही गेला. शिरोरेघ सगळ्या अक्षरांना बांधून ठेवते ना, त्यामुळे अक्षर कापलं की त्याचं पोट कशालाच धरून राहत नाही. प, व, ब, म, सगळे असलेच पोटवाले. इंग्रजीतही ओ आणि ए आहेत म्हणा, पण आपल्याकडे मोठं कुटुंब आहे.

भाच्याने मग अक्षरांत बारीक पूल ठेवून पाहिले. पोट पडेना, पण अक्षरं तुटकी दिसायला लागली, ट्रकमागच्या रंगवलेल्या नंबरांसारखी. तेवढ्यात आमची आई, म्हणजे त्यांची आजी, वर आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी जिना चढून रोज पाहणीला येणार! तिने जमिनीवरचा तो चौकोन उचलला आणि म्हणाली, “अरे, हा पुठ्ठ्यालाच कशाला टांगायचा? मागच्या कागदावर चिकटव की. आकाशकंदिलावर आम्ही नक्षी अशीच लावायचो, खळीने.”

झालं! ट्रेसिंग पेपर मागे होताच. पडलेली पोटं जागच्या जागी त्यावर चिकटवली. पूल नकोत, काही नकोत. भाच्याने आजीला लवून मुजरा केला.

इथे एक गोष्ट मोठ्याने सांगतो. लहानपणी, साधारण तुमच्याएवढा असताना, मी गणपतीच्या आराशीसाठी अशीच पाटी केली होती, पण आत साठ वॅटचा साधा बल्ब लावला होता. त्या बल्बला दिलेल्या विजेची बहुतेक उष्णताच होते, उजेड अगदी थोडा. आरती संपेपर्यंत जिलेटीन कागद सुरकुतला, पुठ्ठ्याला तपकिरी डाग पडला आणि जळका वास सुटला. वडिलांनी धावत जाऊन बटण बंद केलं. म्हणून सांगतो, डब्यात असला बल्ब नको आणि भिंतीतल्या विजेशी थेट खेळ नको. बारा व्होल्टचा तयार अडॅप्टर घ्या, जोडणी कुणा मोठ्यांच्या देखत करा. एलईडीची पट्टीही गुंडाळी सोडवूनच पेटवा, गुंडाळलेली तापते.

पहिल्या दोन पाट्या लागल्या. राहिली तिसरी, शोभेची. भाचा म्हणाला, “मामा, ‘बाहेर’चा कंटाळा आलाय. नुसतं कागदावर लिहून टाकू का?”

“नको,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असणार, कारण दोघं माझ्याकडे बघायला लागली. मग सांगावंच लागलं.

१९८६ साल. मी सातवीत, बहीण पहिलीत. आमच्या तालुक्याच्या गावात एकच थिएटर. संध्याकाळच्या खेळाला आम्ही दोघंच गेलो होतो. आईने निघताना एकच बजावलं होतं, “हिचा हात सोडू नकोस.” मध्यंतर झालं, शेंगदाणे खाऊन झाले, आणि थोड्या वेळाने वीज गेली. जनरेटर सुरू होईना. आधी शिट्ट्या वाजल्या, लोक हसले. मग मागून कोणीतरी ओरडलं, “आग!” आग नव्हतीच, दोस्तांनो. पण काळोखात कोण बघायला जातो? सगळे उठले आणि ज्या दाराने आत आलो त्याच दाराकडे लोटले. माणसाला संकटात आलेली वाटच आठवते. बाजूच्या भिंतीत दुसरं दार होतं, माझ्यापासून दहा पावलांवर. त्यावर ‘बाहेर’ची पाटीही होती. पण तिच्यातला दिवा कधी गेला होता कोणास ठाऊक! त्या काळोखात भिंत आणि दार एकच.

त्या लोंढ्यात माझ्या हातातला हात सुटला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील. डोअरकीपरने बॅटरी पेटवून बाजूचं दार उघडलं, बाहेरचा संध्याकाळचा फिका उजेड आत आला आणि लोक तिकडून बाहेर पडले. मी हाका मारत सुटलो. बहीण पायरीवर बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. रडत नव्हती. मीच रडलो. कोणाला काही इजा झाली नाही, एवढं नशीब.

सगळीकडे नशीब असतंच असं नाही. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली आणि ५९ माणसं गेली. जास्तीच्या खुर्च्या टाकून बाल्कनीतली बाहेर पडायची वाट अडवलेली होती.

हे ऐकून भाचा गप्प झाला. मग त्याने माडीच्या दारापलीकडे बघितलं. त्या उभ्या जिन्याकडे. “आजी रोज सिनेमाला येणार ना?” त्याने विचारलं, आणि कटर उचलला.

आम्ही आधी पाटी लाल केली, कारण मला आठवणारी थिएटरातली पाटी लाल होती. रात्री दिवे घालवून आजीला विचारलं, “दिसतं का गं?” ती म्हणाली, “काहीतरी तांबूस दिसतंय. वाचता येत नाही.” मग हिरवा जिलेटीन लावला. लगेच म्हणाली, “बाहेर!”

याचं कारण डोळ्यातच आहे. आपल्या डोळ्यांत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. भरपूर उजेडात काम करणाऱ्या, रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या, आणि काळोखात काम करणाऱ्या दांडीच्या आकाराच्या. या दांडीवाल्या पेशींना हिरवा-निळा उजेड चांगला कळतो, लाल जवळजवळ कळतच नाही. तिन्हीसांजेला जास्वंदीच्या झाडापाशी उभे राहा. उजेड उतरत गेला की लाल फूल काळं पडतं, पानं मात्र बराच वेळ उजळ राहतात. दोनशे वर्षांपूर्वी पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने असंच फुलांकडे बघून हे टिपलं. आणि हल्ली मॉलमध्ये दारावर जो हिरवा पळणारा माणूस दिसतो ना, तो मूळचा जपानचा. तिथे १९७२ आणि १९७३ साली मोठमोठ्या दुकानांना भयंकर आगी लागल्या. त्यानंतर भाषा न येणाऱ्यालाही कळेल अशी खूण शोधली गेली. युकिओ ओता यांचं ते चित्र पुढे १९८०च्या दशकात जगाने उचललं. भाचीने आमच्या पाटीवरही तो माणूस काढला. तो लंगडी घालतोय असं मला वाटतं, पण बोललो नाही.

आता मुख्य प्रश्न. वीज गेली की प्रोजेक्टर जाणार, आणि पाटीही जाणार. मग तिचा उपयोग काय? म्हणून ‘बाहेर’साठी पाच व्होल्टची वेगळी पट्टी घेतली आणि ती मोबाईलच्या पॉवर बँकेला जोडली. पडद्यावर उजेड सांडू नये म्हणून पट्टी अगदी बोटभर आणि तोंडावर कागद दोन थरांचा. सगळ्यांना माडीवर बसवलं, बहिणीने खालून मेन स्विच बंद केला. काळोख! आणि हिरवी पाटी झळकली. टाळ्या! मिनिटभराने ती आपोआप विझली.

पुन्हा लावली, पुन्हा विझली. भाचा रडकुंडीला आला. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. आमची बोटभर पट्टी वीज इतकी कमी ओढत होती की पॉवर बँकेला वाटत होतं, जोडलेला फोन भरला, आता झोपावं! म्हणून पट्टी चांगली हातभर लांब केली आणि उजेड जास्त झाला म्हणून कागदाचे थर चार केले. त्या रात्री पाटी सकाळपर्यंत जळत राहिली. पॉवर बँक दर शनिवारी भरायची आणि वहीत तारीख लिहायची हे काम भाचीकडे आहे. दर खेळाआधी ती स्वतः एकदा पाटी लावून बघते.

मी निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतली नऊ मुलं आणि आजी असा हाऊसफुल्ल खेळ लागला. सिनेमा ऐन रंगात आला आणि वळवाचा पाऊस आला. कडाडकन वीज चमकली आणि घरातली वीज गेली. खिडक्यांना चादरी, त्यामुळे काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. एक चिमुरडा भोकाड पसरायच्या बेतात होता. पण सगळ्या माना मागे वळल्या आणि त्या लंगड्या हिरव्या माणसावर थांबल्या.

“एकेक करून,” भाचा म्हणाला. “आजी, तू आधी. कठडा धर.”

बहीण जिन्याच्या तोंडाशी उभी राहून डोकी मोजत होती. मी शेवटचा उतरलो. खाली तिने मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “दादा, पोरांना तू सांगितलंस ते ऐकलं मी. त्या दिवशी हात तू नव्हता सोडलास. माझी चप्पल निघाली होती. ती घ्यायला मी वाकले.”

मी काहीच बोललो नाही. चाळीस वर्षं होत आली त्या गोष्टीला.

“मग घेतलीस का?” आजीने विचारलं.

“कुठली! हरवलीच ना ती. तूच ओरडली होतीस घरी गेल्यावर.”

तेवढ्यात वीज आली, आणि नऊच्या नऊ मुलं जिन्याकडे धावली.