ओट्यापुढचा पाट

धसईसारख्या खेड्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने नवे स्वयंपाकघर करावयास घेतले, हा काही मासिकात छापण्याजोगा पराक्रम नव्हे. परंतु जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्यावर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आमची जी परीक्षा झाली तीत आम्ही सपशेल नापास झालो, आणि ती हकीकत आमच्यासारख्या अन्य गृहस्थांच्या कानी पडावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

१९९४ साली आम्ही वडिलोपार्जित घराची डागडुजी काढली. तोवर आमचे स्वयंपाकघर घराच्या आग्नेय कोपऱ्यात, मातीच्या चुलीचे आणि जमिनीवर बसून रांधण्याचे होते. मातोश्रींचा जन्म त्या चुलीपुढे गेला. धुरावरून अग्नीचे अनुमान शिकविताना नैयायिक दृष्टान्तासाठी स्वयंपाकघरच पुढे करतात. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'तील तो 'महानस' आम्हांस कोणी समजावून द्यावा लागला नाही. तो लहानपणापासून डोळ्यांत झोंबतच होता. (गॅसच्या निळ्या ज्योतीवर वाढलेल्या नातवंडांना हा दृष्टान्त कसा पटवावा, हा निराळाच प्रश्न आहे.) असो. चूल गेली, कौले जाऊन वर स्लॅब आला, आणि उभ्याने स्वयंपाक करण्याचा कडाप्प्याचा ओटा करावयाचे ठरले.

आमचे कुटुंब त्या वेळी धाकट्याच्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेले. गवंड्याने विचारले, "गुरुजी, ओटा किती उंच घेऊ?" आम्ही भिंतीपाशी ताठ उभे राहिलो, कमरेच्या जरा खाली हात धरला आणि म्हणालो, "एवढा." तो छत्तीस इंच भरला. आमची उंची पाच फूट नऊ इंच. कुटुंबाची पाच फुटांस दोन इंच कमी. गवंड्याने पूर्वेच्या भिंतीत खिडकीही सुचविली होती. ती आम्ही खर्चाकडे पाहून नाकारली.

कुटुंब परत आले, ओट्याकडे पाहिले आणि काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पाटांपैकी फणसाचा एक पाट ओट्यापुढे येऊन पडला. तीस वर्षे तो पाट आम्ही तेथे पाहत होतो. गार फरशी पायांस बाधत असेल, किंवा सोवळ्याचा काही प्रकार असेल, अशी आमची समजूत. एकदा तर एका पाहुण्यांजवळ, "आमच्या घरात जुन्या चालीरीती अजून टिकून आहेत," म्हणून त्या पाटाची आम्ही प्रशंसाही केली होती! कुटुंब आतून ऐकत होते. त्याने तेव्हाही काही म्हटले नाही.

दोन वर्षांमागे आषाढात, ओल्या फरशीवर तो पाट सरकला. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. आम्ही सूनबाईंस विचारले, "मुळात पाटावर चढून उभे राहावेच का?" सूनबाईंनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. "बाबा, ओटा आईंना उंच पडतो ना!" एवढेच त्या बोलल्या. उत्तर इतके सोपे होते की त्यावर आम्हांस काहीच विचारता येईना.

मग नव्या स्वयंपाकघराचा संकल्प झाला. चिरंजीव आम्हांस कल्याणच्या एका दुकानात घेऊन गेले. आरशासारखी कपाटे, हलक्या हाताने मिटणारे खण, सगळे सुबक. अंदाजपत्रक तीन लाख दहा हजारांचे. आमची मुदत ठेव मोडून हाती येणार होते पंचाहत्तर हजार. विशेष म्हणजे त्या विक्रेत्याने रंग विचारला, दारांची मूठ कोणती हवी ते विचारले. स्वयंपाक करणारीची उंची त्यानेही विचारली नाही. आमच्यासारखेच आणखी कोणी आहे, हे पाहून अंमळ बरे वाटले, हे कबूल करतो.

परतताना चिरंजीवांनी एक गोष्ट सांगितली. अशा बांधीव, आटोपशीर स्वयंपाकघरांचे मूळ जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात आहे. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनी कामगारवस्तीतील घरांसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. कोणत्या कामास किती पावले पडतात आणि किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजून पाहिले होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. गंमत अशी, की तो आराखडा करीपर्यंत आपण कधी घर चालविले नव्हते की स्वयंपाक केला नव्हता, असे या बाईंनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे अज्ञान त्यांचेही होते आणि आमचेही. त्यांनी मोजले, आम्ही स्वतःच्या कमरेस हात लावून मोकळे झालो.

तेव्हा आम्ही शाळेतली मोजपट्टी काढली. रीत सोपी आहे: मनुष्याने सरळ उभे राहून कोपर दुमडावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यावे. कणीक मळणे, भाजी चिरणे यांसाठी ओटा त्याहून चारपाच इंच खाली हवा. शेगडीसाठी आणखी थोडा खाली, कारण शेगडी आणि पातेले यांची उंची वर चढते. कुटुंबाचे कोपर छत्तीस इंचांवर, म्हणजे बरोबर ओट्याच्या पातळीवर! तीस वर्षे त्याने खांदे उचलून पोळ्या लाटल्या, नाही तर पाटावर तोल सांभाळला. सूनबाईंचे कोपर भरले एक्केचाळीस. म्हणजे जुना ओटा त्यांना नेमका होता.

येथे पेच पडला. सूनबाई म्हणाल्या, "आईंच्या मापाचा करा. मी वाकेन थोडी." कुटुंब म्हणाले, "मला आता असे किती दिवस रांधायचेय? तिला पुढे तीस वर्षे उभे राहायचेय. तिची पाठ कशाला मोडता?" दोन दिवस हा वाद चालला. घरात भांडण व्हावे आणि ते एकमेकींच्या बाजूने व्हावे, असा प्रसंग आम्ही प्रथमच पाहिला. तोड शेवटी सूनबाईंनीच काढली: ओटा सगळा मोडायचाच कशाला? शेगडीच्या बाजूचा साडेचार फूट तेवढा उतरवून तीस इंचांवर घ्यावा, बाकीचा आहे तसा ठेवावा. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातात, त्यामुळे सिंक उंच भागात दोघींनाही चालला. सिलिंडरही उंच भागाखाली मावला. गवंडी म्हणाला, "एका ओट्याला दोन उंच्या? लोक हसतील, गुरुजी." आम्ही म्हटले, हसू देत.

मोडतोड निम्म्याहून कमी झाल्याने पैसे वाचले. जुना कडाप्पाच कापून खाली बसविला. एक फळी मात्र उतरविताना तडकली. ओट्याखाली दारे केली नाहीत, नुसते कप्पे ठेवले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आमच्या पावसात बंद कपाटापेक्षा वारा खेळता बरा. दारांची कपाटे केवळ वरच्या बाजूस, आणि त्यांच्या प्लायवुडवर 'आयएस ७१०' हा शिक्का पाहिल्यावाचून आम्ही सुतारास करवत लावू दिली नाही. सहा वर्षांमागे आमच्या पोथ्यांसाठी स्वस्त प्लायचे कपाट केले होते. पहिल्याच श्रावणात ते असे फुगले की दसऱ्यापर्यंत ग्रंथ आत आणि आम्ही बाहेर. वायरिंग आणि नळ यांत काटकसर केली नाही. ओटा, सिंक, कपाटे, लाद्या, रंग सगळे धरून साडेसहासष्ट हजार झाले.

हिशेबाच्या ओघात सांगावयास हरकत नाही की १ डिसेंबर २०१६ रोजी आमचे धसई हे महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, आणि दुकानदारांच्या हाती कार्ड ओढण्याची यंत्रे आली होती. हा इतिहास आम्ही सुतारास साग्रसंगीत ऐकविला. तो ऐकून त्याने मजुरी रोखच मागितली.

खिडकीचे अकरा हजार धरल्यावर बेरीज साडेसत्याहत्तर हजारांवर गेली, म्हणजे अडीच हजार वर. चिरंजीव म्हणाले, खिडकी पुढल्या वर्षी करू. आम्ही ऐकले नाही. १९९४ ची ती खिडकी होती. भिंत फोडली त्या दिवशी कुटुंब चहा टाकावयास आत गेले आणि तेथेच थबकले. पूर्वेस डोंगराची रांग स्वच्छ दिसत होती. "इथून डोंगर दिसतो होय!" एवढे बोलून त्याने चहाचे आधण ठेवले. आम्ही उंबऱ्याशी उभे होतो. आत जाण्याचे धैर्य झाले नाही.

फणसाचा पाट धुऊन पुसून पुन्हा जेवणाच्या पंगतीत आला आहे. मनगट अजून थंडीत ठणकते, म्हणून सकाळचा पहिला चहा हल्ली आम्ही करतो. तीस इंचांच्या ओट्यावर आम्हांस चांगलेच वाकावे लागते. दोन दिवसांमागे कमरेवर हात ठेवून आम्ही तसे बोलून दाखविले. सासूसुनांनी एकमेकींकडे पाहिले, आणि साखर जरा कमी पडली आहे, असे आम्हांस सांगण्यात आले.