जुने घर, नवी खोली

विचुंब्याच्या आमच्या कौलारू घराला लागून स्लॅबची एक खोली काढावी, असा चिरंजीवांचा हट्ट आहे. घर माझ्या वडिलांनी बांधलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढणारा मी या एवढ्याशा खोलीपाशी मात्र अडून बसलो होतो.

परवा नातवाला घेऊन राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहायला गेलो. वास्तू १८७२ साली उघडलेली. तिच्याशेजारी नवे दालन उभारण्यासाठी स्पर्धा झाली, तीत २०१४ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. या गृहस्थांनी जुन्या नक्षीची नक्कल केलीच नाही! पांढऱ्या काँक्रीटची साधी इमारत, उजेडासाठी तिला दिलेले तिरके छेद आणि नव्या-जुन्याच्या मध्ये पावसाच्या पाण्याचे तळे. मला ते फार आवडले. नक्कल केली की अस्सलसुद्धा खोटे वाटू लागते.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. विलायतेला नेताना कोसळून फुटलेला, मग सांधलेला. नातू त्याचे सांधे शोधत बसला.

रात्री मी पेन्सिल घेतली. कौले आणि स्लॅब यांचा सांधा पावसाळ्यात हमखास गळतो. म्हणून मध्ये दोन हात मोकळे सोडले, पागोळ्या पडायला.

"तळं नको हं, डास होतील," सूनबाई म्हणाल्या.

"पण बाबा, पावसात पलीकडे जायचं कसं?" चिरंजीवांनी विचारले.

नकाशा अजून टेबलावरच आहे.